गाडीचं दार लागल्यासारखा आवाज

प्रिय बाबा,

इथे वाळवंटात मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे?

लहानपणी आपल्या ओक्लाहोमात आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांच्या धमाक्याने काचा तडकायच्या आणि आई फळीवरच्या ताटल्या धरून उभी राहायची, आठवतं? तो धमाका विरावा म्हणून नव्या विमानाचं नाक आम्ही बगळ्याच्या चोचीसारखं लांब केलंय. आज ते डोक्यावरून गेलं. आवाजाचा त्रास किती झाला, ते लिहायला आम्ही खाली कागद घेऊन उभे होतो. लांब कुणी गाडीचं दार लावावं, एवढाच आवाज आला.

मी मागे वळले.

"विमान वर आहे, बाई," शेजारचा हॉलिस म्हणाला. "मागे कोण आलंय?"

मला वाटलं, शाळेबाहेर गाडी घेऊन यायचात, तसे तुम्ही न्यायला आलात.

त्रासाचा रकाना अजून कोराच आहे.

तुमचीच,
व्हर्ना