परत येताना गाडी रिकामीच

अनगोळ, बेळगाव
मंगळवार

ती. दाजी आणि आक्का यांना रवळूचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, त्याचा राग मानू नये. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं तब्येत विचारली की धडधाकट माणूसही आतून हलतो, हे आता मला चांगलं कळलंय. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली जयाबाई दवाखान्यात होती. शेजारधर्म म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन मी बघायला गेलो. मला दारात बघून ती सलाईनच्या हातानंच उठून बसली, "मी बरी हाय रं, तू जा," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन घरी आली. (डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं. माझं काही म्हणणं नाही.) तेव्हा तुम्ही दोघं ठणठणीत आहात असं धरूनच पुढं लिहितो. फोन न करता पत्र लिहायचं कारण एवढंच की फोन आक्का उचलते, आणि तिचं बोलून होईपर्यंत माझा तुमच्याशी बोलायचा धीर संपतो.

तर आरोहीला बघायला रविवारी पाहुणे येऊन गेले. मुलाचं नाव स्वरूप, उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनवर आहे. आपली आरोही त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. घर खानापूरकडच्या एका गावात, थोडी शेती, वडील वारलेले, आई मालुबाई. बोलणी करायला मुलाचे मामा मारुतीराव. हे सगळं आक्कानं तुम्हाला सांगितलंच असेल, आणि तुम्हीही मला आधीच निरोप धाडला होता की, रवळू, काय करतोस विचारलं तर "वाहतूक क्षेत्रात आहे" एवढंच म्हण, पुढचं पुढं. तुमचा सल्ला काही वावगा नव्हता. ह्याआधीचं ते बँकेतलं स्थळ तुम्हाला आठवत असेल. मुलगी पसंत आहे म्हणून गेले, कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला थांबले, तिथं कुणी तरी माझी गाडी सांगितली, आणि संध्याकाळी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. (आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.) त्या दिवसापासून शालन धास्तावलेली, आईचं काळीज. आरोही मात्र हसली होती आणि म्हणाली होती, बरं झालं, लवकर कळलं. पण ती हसली तरी रात्रीचं जेवली नव्हती, हे मी बघितलं होतं.

दाजी, माणसाचा धंदा त्याचं नाव खाऊन टाकतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. फौंड्रीत होतो तोवर गल्लीत मला "मिस्त्री" म्हणायचे. काळा घाम गाळून घरी यायचो, पण हाक यायची, मिस्त्री, चहा घेताय काय. फौंड्री बंद पडली, तुम्ही शब्द टाकून मला ह्या गाडीवर लावलंत, आणि मिस्त्री गेला तो गेलाच. आता लोकांच्या मोबाईलमध्ये माझं नाव "रवळू बॉडी" असं आहे. (मी एकाच्या हातातच बघितलं. त्यानं घाईघाईनं फोन खिशात घातला आणि माझ्या मुलीचं कौतुक सुरू केलं.) लग्नाची आमंत्रणं येतात, नाही असं नाही, पण देणारा दारातच म्हणतो, "तुमची ड्यूटी असंल तर राहू द्या हं." पावसात भिजत चाललेला माणूससुद्धा मला हात करत नाही. आणि ज्याच्या घरी मी खरोखर गेलोय, तो माणूस पुढं बाजारात भेटला की मान वळवतो. त्यात त्याचा दोष नाही. मी दिसलो की त्याला तो दिवस दिसतो.

रविवारी गाडी मी खासबागेत मित्राच्या दारात नेऊन लावली (त्याच्या शेजाऱ्यांनी सकाळपासून त्याच्या घरी तीन वेळा डोकावून बघितलं म्हणे) आणि इस्त्रीचा सदरा घालून बसलो. पाहुणे आले. मालुबाई कमी बोलणाऱ्या. आल्या, बसल्या, पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बोलायचं काम सगळं मारुतीरावांकडे. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि पहिलंच वाक्य काढलं, "पाव्हणं, तुमास्नी कुठंतरी बघितलंय."

"बेळगाव ते केवढं," मी म्हणालो. "बघितलं असशीला."

"काय करताय?"

"वाहतूक क्षेत्रात हाय." (तुमचं वाक्य, जसंच्या तसं.)

"म्हंजे गाडी. कुठल्या लाईनला असती?"

"सगळ्याच लाईनला. बोलावणं येईल तिकडं."

"स्पेशल भाडी म्हणा की. माणसं किती बसत्यात?"

"सोबतची आठ-धा बसत्यात. मेन पॅसेंजर एकच."

मारुतीराव खूश झाले. शालनकडे बघून म्हणाले, "व्हीआयपी लोकं दिसत्यात." शालन पदर तोंडाला लावून आत गेली. मी घाम पुसला.

"आणि परत येताना काय भरून आणता?"

"काय न्हाय. परत येताना गाडी रिकामीच."

"ह्ये तुमचं चुकतंय," मारुतीराव पुढे सरकले. "डिझेल काय स्वस्त हाय व्हय? आमच्या बाजूला आलासा की येताना भाजी भरायची. कोबी, वांगी, मिरच्या. मी बोलून देतो. मागं काय घाण-बिण नसती न्हवं गाडीत?"

दाजी, खोटं बोलणं एक वेळ सोपं, पण खरं खरं बोलत खोटं सांभाळणं म्हणजे बैलगाडी चिंचोळ्या बांधावरून नेणं. मी म्हणालो, गाडी रोज धुतो. ते म्हणाले, मग झालं तर. एवढ्यात आरोही चहा घेऊन आली, आणि मारुतीरावांना वाटलं, बाप लाजतोय, पोरीलाच विचारावं. "काय गं बाळ, बाबांच्या गाडीचं नाव तर सांग. कुठल्या कंपनीची?"

आरोहीनं ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मामा, माझे बाबा शववाहिका चालवतात."

मारुतीरावांच्या तोंडात कुंद्याचा गोड घास होता. तो गिळावा की काय करावं ह्या विचारात ते थांबले. (मला वाटतं त्यांना कोबी आठवला असावा.) स्वरूप खाली बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. मागाहून कळलं, आरोहीनं त्याला कधीच सांगून ठेवलं होतं. अंधारात होतो ते आम्ही मोठेच. मी उठून काहीतरी बोलणार, माफी मागणार, तेवढ्यात मालुबाई आल्यापासून पहिल्यांदा बोलल्या.

"मला आल्याआल्या वळख पटली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या तोंडानं सांगत्यात का बघू. आमच्या ह्यांस्नी ह्यांच्याच गाडीतनं गावाकडं न्हेलतं."

मारुतीराव म्हणाले, "व्हय की. तिथंच बघितलंय," आणि कुंदा गिळला.

मग मालुबाईंनी जे सांगितलं ते मी तुम्हाला त्यांच्यासारखं सांगू शकणार नाही. स्वरूपचे वडील गावच्या सोसायटीत सेक्रेटरी होते. सगळा गाव त्यांना नावानं नाही, "सेक्रेटरी" म्हणूनच हाक मारायचा. बायकोसुद्धा म्हणे चिडली की तेच म्हणायची. बेळगावच्या दवाखान्यात ते गेले, आणि त्या घटकेपासून जो तो बॉडी म्हणायला लागला. बॉडी खाली आणा, बॉडी कुठं न्यायची, बॉडीबरोबर कोण बसणार. भावकीतले लोकही तेच. मालुबाई म्हणाल्या, मला रडूच येईना, मला वाटायचं ही कुणाबद्दल बोलत्यात, आपलं माणूस कुठं हाय.

गावाच्या अलीकडे ओढ्याजवळ गाडी चिखलात रुतली. हे मला आठवतं, कारण गाडी काढता काढता कमरेत उसण भरली होती. सगळे पुरुष खाली उतरून ढकलत होते. स्वरूपही त्यातच, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. (म्हणजे होणाऱ्या जावयानं माझ्या गाडीला पहिला हात लावला तो असा.) आत स्टिअरिंगवर मी, मागं फक्त मालुबाई आणि ते. आणि ह्या बाईच्या तोंडून निघून गेलं, "समदी ढकलाय लागल्यात, तुमी तेवढं पडून ऱ्हावा. आता तरी उतरा की खाली."

"तवा ह्ये आरशातनं मागं बघून म्हणालं," मालुबाईंनी माझ्याकडे बोट केलं, "बसू द्यात वैनी. सेक्रेटरी कधी खाली उतरून ढकलत्यात व्हय."

त्या हसल्या म्हणे. भर गाडीत, नवऱ्याच्या उशाला बसून हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. बाहेर दीर-भावांना वाटलं, बाईला वेड लागलं. पण तिथून घरापर्यंत त्या रडल्या आणि मन हलकं झालं. "त्यांस्नी शेवटचं सेक्रेटरी म्हणालं ते ह्येच," असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला.

दाजी, तुमच्यापाशी लपवून काय करू, मला त्यातला चिखल आठवत होता, बोललेलं आठवत नव्हतं. निघताना पत्ता सांगताना कुणीतरी सेक्रेटरींचं घर म्हणालं असेल म्हणून मीही म्हणालो असेन. मी सदऱ्याचं बटण चाचपत बसलो. शालन आतून येऊन मालुबाईंच्या शेजारी बसली आणि दोघी एकमेकींचा हात धरून राहिल्या. मारुतीरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, परत ठेवली आणि म्हणाले, "आता मालूचं ठरलंय म्हटल्यावर मी काय बोलायचं. फकस्त लग्नाच्या दिवशी ती गाडी गल्लीत दिसू नये." मी कबूल झालो. निघताना त्यांची आणखी पंचाईत झाली. उंबऱ्यात उभे राहून "बरं, भेटू परत" म्हणाले आणि लगेच दचकून, "साखरपुड्याला हं. साखरपुड्यालाच."

म्हणजे जमलं. पुढच्या महिन्यात साखरपुडा, त्यांच्याच गावी. तारीख ठरली की आक्काला कळवतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. फौंड्री बंद पडली तेव्हा मी घरी बसलो होतो. तुम्ही निपाणीहून एसटीनं आलात, ही गाडी चालवणाऱ्या ट्रस्टच्या लोकांपुढं माझ्यासाठी बसलात आणि ही नोकरी मिळवून दिलीत. मी तुम्हाला त्या दिवशी चहासुद्धा धड विचारला नाही. मनात म्हणालो, ह्या दाजींना माझ्यासाठी हीच गाडी सापडली. आज त्याच गाडीनं माझ्या पोरीचं घर बघून दिलं. रविवारी सगळे गेल्यावर मी खासबागेतून गाडी आणली आणि एरवी कोपऱ्यावर लावतो ती खूप दिवसांनी आपल्या दारात उभी केली. जयाबाई अंगणात होती. तिनं बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "रवळू, चहा घेतोस काय?" दाजी, तुमचे उपकार आहेत. ते असे लिहून फिटणारे नाहीत, पण तोंडावर मला बोलता आलं नसतं.

शालन आणि आरोहीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा,
रवळू

ता. क. – एक राहिलं. मालुबाईंनी उठताना विचारलं, मुलीकडून वडीलधारं कोण. मी म्हणालो, निपाणीचे आमचे दाजी, डॉक्टर. तुम्ही गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झालात हे मी पुढच्या वाक्यात सांगणारच होतो. पण सारी निपाणी तुम्हाला डॉक्टर म्हणते, तिथं मी एकटा काय दुरुस्त करणार, आणि "डॉक्टर" ऐकून मारुतीरावांच्या चेहऱ्यावर माझी गाडी कळल्यानंतरचं पहिलं समाधान दिसलं, ते मोडवेना. (एका बैठकीत एवढंच खरं सोसतं.) आता अडचण अशी की मालुबाईंचा गुडघा धरलाय आणि साखरपुड्याला त्या एक्सरे घेऊन तुमच्यापुढं बसणार आहेत. तेवढा उजेडाकडे धरून जरा वेळ बघावा आणि शेक सांगावा, ही हात जोडून विनंती. दात मात्र बघायला मागू नका.

पुन्हा ता. क. – आत्ताच कळलं की त्यांच्या गोठ्यात एक म्हैस आहे, ती हल्ली धार काढू देत नाही. मला वाटतं, आधी आपण दोघं तिकडंच जाऊ. तिथलं तुम्ही बघा. मग गुडघ्याआधी तुमच्या डॉक्टरकीचं खरं काय ते मी सांगतो, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.