पोटाचं माप

३ जानेवारी
नव्या मुक्कामी आलो. रुग्णालयासमोरचं विश्रामगृह, दोन खाटा, भरपूर ऊन. काल मांडीतल्या रोहिणीतून यकृतात किरणोत्सर्गी मणी सोडले. गाठ आतून भाजून काढणार. डॉक्टर म्हणाले, कधीकधी चांगलं यकृतही होरपळतं. दोन महिने रोज बेंबीपाशी माप घ्या. पोट वाढलं, डोळे पिवळे झाले तर तत्काळ सांगा, वेळेत कळलं तर सावरता येतं. शेजारी एक शिंपी. तोच आजार, कालचेच मणी. मला पाहताक्षणी त्याने ‘पंडित’ करून टाकलं. वार्ताहर मी, पण बातम्या त्यालाच आधी कळतात.

१२ जानेवारी
माप शिंपीच घेतो. टेप गळ्यात कायमची. तो ८८, मी ९१. समोरच्या रुग्णालयातून सिस्टर येते, तक्त्यावर लिहून घेते. त्याची बायको डबा आणते, मला भावोजी म्हणते. माझ्याकडे कुणी येत नाही. वाचायला वेळ मिळतो, असं मी सांगतो.

२९ जानेवारी
तो ८६, मी ९४. त्याला शाबासकी, मला ‘काका, मीठ कमी करा’. मत्सर हा षड्रिपूंतला सहावा, हे शाळेत पाठ केलं होतं. तो रेघारेघांचा पायजमा घालून शेजारीच झोपतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

३ फेब्रुवारी
श्वास ओढून धरला. शिंपी म्हणाला, पंडित, पोट चोरू नका, अशी गिऱ्हाइकं तीस वर्षं बघतोय. सिस्टरही हसली. आता माप मीच घेतो. तक्त्यावर ८६. मीठ सोडलं म्हणालो. बरोबरी.

१० फेब्रुवारी
डोळे पिवळे. काळा चष्मा लावला. उजेड सोसत नाही म्हणालो. आज दोघांची रक्ततपासणी होती. माझी पुढे ढकलली. आकडे शेजारी-शेजारी वाचलेले नकोत. खरं माप १०१. लिहिलं ८५.

१४ फेब्रुवारी
शिंपी बरा होऊन घरी गेला, टेप मला ठेवून. तक्ता बघून म्हणाला, तुम्ही तर मला मागे टाकलंत. महिन्याभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग खाटेवरून उठता येईना.

१७ फेब्रुवारी
कुशीवर वळलो की पोटातलं पाणी मागून येतं — जरा उशिरा, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. हात फडफडतो. टेपवरचे आकडे —

१८, बहुधा
दिवसा झोप. सिस्टरने नाव विचारलं. आठवेना. शिंप्याचं सांगितलं. तिला थट्टा वाटली. माझी सवयच. तक्ता बघून म्हणाली, छान चाललंय —

दुपार
जीभ उचलत नाही. लिहून देतो. सिस्टर, तक्त्यावरचं माप माझं नाही. खरं —