तुमचं इंजिन, तिची जीप

अण्णा, तुमची पांढरी गाडी गेल्या महिन्यात कापली. कोणी चोरून नेऊन नाही कापली, मीच टोइंगवाल्याला बोलावून कल्याणला धाडली, तुमच्या नातीच्या सांगण्यावरून. तुम्ही गेल्यापासून ती बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी उभी होती. आई होती तोवर दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची, आणि कोणी विकायचं नाव काढलं की आई त्या दिवशी जेवायची नाही. मग आईही गेली आणि सोसायटीवाल्यांनी माझ्यामागे भुणभुण लावली, चाकांत हवा नाही, खाली मांजरी वितात, काय ते एकदा करून टाका. मी काही करत नव्हतो. खरं सांगू? ती तिथे सडताना बघायला मला बरं वाटायचं. डोंबिवलीला उतरून घरी येताना रोज एकदा तिच्याकडे नजर टाकायचो आणि मनात म्हणायचो, बस आता. कोणी ऐकलं तर म्हणेल, माणूस कधी गाडीवर जळतो का? मी जळायचो. गाडी नुसतं निमित्त होती हेही मला कळतं, एवढा काही मी खुळा नाही.

तुमची नात आता नोकरी करते, घोडबंदर रोडला तिचं ऑफिस आहे. आठवडाभर त्या ट्रॅफिकमध्ये पिचते आणि रविवारी तिच्यासारख्याच चार वेड्यांबरोबर मुरबाडकडे जाऊन मुद्दाम चिखलात गाड्या घालते. त्यासाठी तिने एक जुनी, छोटी जीप घेतलीय. चारही चाकं ओढतात, पण इंजिन दमलेलं, चढ आला की खोकायची. मग एक दिवस मला म्हणाली की आजोबाच्या गाडीचं इंजिन त्याच बनावटीचं आहे, ताकद मात्र जास्त, जीपमध्ये फार ठोकाठोकी न करता बसेल. इंजिन, वायरिंग, रेडिएटर, पुढच्या दोन सीट काढून घ्यायच्या आणि उरलेला पत्रा भंगारात द्यायचा. अशा गाडीला ते लोक डोनर म्हणतात. मी रक्तदान ऐकलंय, नेत्रदान ऐकलंय, गाडीचं देहदान पहिल्यांदाच ऐकलं. पण हो म्हणालो, तिथल्या तिथे. तिला वाटलं, बाबा किती मोठ्या मनाचा. मोठं मन कसलं डोंबलाचं! तुमची ती लाडकी एकदाची सुटी सुटी होईल म्हणून हो म्हणालो.

आठवतं का, ती सेकंडहँड घेतलीत तेव्हा तुम्ही कारखान्यातून नुकते रिटायर झालेले आणि क्लास लावून गाडी शिकत होतात. घरात लायसन होतं ते माझ्याकडे. तरी मला कधी किल्ली मिळाली नाही. मागितली की म्हणायचात, क्लच जाळशील, गिअर ओरबाडशील. एकदा मी दार जरा जोरात लावलं तर खाली उभ्या असलेल्या सगळ्यांदेखत म्हणालात, "गाडी आहे ती, तुझ्या ऑफिसातलं कपाट नाही." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. एका पोरीचा बाप होतो मी तेव्हा. संध्याकाळपर्यंत माझे कान तापलेले होते, आणि जेवताना तुम्ही मला आमटी वाढ म्हणालात, काही झालंच नाही अशा आवाजात.

आणि ती पोरगी मात्र तुमच्या मांडीवर. रविवारी सकाळी तिला घेऊन तुम्ही मोहन्याला जायचात, तुमच्या जुन्या कारखान्याच्या बाजूला, तिथे रस्ता मोकळा असायचा. एकदोनदा मीही आलेलो. मी मागे बसलोय. ती पुढे तुमच्या मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि तुमचे हात तिच्या हातांवर. ती तुम्हाला अरे-तुरे करतेय, आजोबा तू सोड ना आता, मी करते. आणि तुम्ही खरंच हात सोडताय आणि हसताय. गाडी डावीकडे जातेय, गटाराच्या दिशेने, तरी हसताय. मी उभ्या जन्मात तुम्हाला अहो-जाहो सोडून हाक मारली नाही. मला सायकल शिकवली ती शेजारच्या काकांनी, तुम्ही खिडकीतून बघत होतात. मागच्या सीटवरून मी तुमच्या मानेकडे बघतोय आणि मला माझ्याच मुलीचा राग येतोय, पहिलीतल्या पोरीचा. बाप असा असतो का? मी आहे.

मग ती सकाळ. तुम्हाला दरदरून घाम फुटला, छाती धरून तुम्ही खालच्या पायरीवर बसलात. ती शाळेत गेलेली. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि पहिल्यांदाच तुम्ही मला काही बोलला नाहीत. गाडीत बसून सेल्फ मारला. सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही. परत मारला, परत तेच. तुम्ही पायरीवरून माझ्याकडे बघत होतात, अगदी सरळ. शेवटी म्हणालात, "राहू दे. रिक्षा बोलव." मी नाक्यावर धावत गेलो, रिक्षा आणली. दवाखान्यात आठवडाभर होतात तुम्ही, मग गेलात, आणि डॉक्टर म्हणाले, रिक्षाने आणल्यामुळे काही बिघडलं नाही, झटकाच मोठा होता. ते मला पटलं. पण ते "राहू दे" डोक्यातून गेलं नाही. मला वाटायचं, गाडीसुद्धा तुमच्याच तालमीतली, मला बघून हटून बसली. त्यानंतर मी तिला हात लावला नाही, मेकॅनिकला दाखवलीही नाही.

आता ज्याच्याकडे दिली त्याचं गॅरेज कल्याणहून मोहन्याला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. जरा जास्तच बोलतो, पण कामाला बरा. म्हणाला, इंजिन उतरवायच्या आधी एकदा चालू करून त्याचा आवाज ऐकू, नाहीतर जीपमध्ये बसवून फसायला व्हायचं. त्याने पेट्रोलची टाकी साफ केली, प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, इंजिन हाताने फिरवून मोकळं केलं, नवी बॅटरी लावली. शनिवारी आम्ही बापलेक गेलो. त्याने सेल्फ मारला आणि तोच आवाज, अण्णा, सेल्फ फिरतोय आणि गाडी सुरू होत नाही. तो म्हणाला, पेट्रोलच्या पंपाला करंट जात नाहीये, उंदरांनी वायर खाल्ली असणार, शोधावी लागेल. तुमची नात ऑफिसच्या फोनवर होती. फोन तसाच कानाला लावून तिने दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, कार्पेटची कड उचलली, टक् आवाज झाला. त्याला खूण केली, मारा आता. पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मेकॅनिक हसायला लागला. चोर स्विच म्हणे. जुनी माणसं पंपाच्या वायरमध्ये असं लपवलेलं बटण बसवून घ्यायची, म्हणजे किल्ली हातात पडली तरी गाडी कोणाला नेता येत नाही. मी तिला विचारलं, तुला कसं माहीत?

"आजोबाने दाखवलेलं. म्हणालेला, हे फक्त आपल्या दोघांचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला नव्हतं माहीत?"

अण्णा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुमची गाडी तिथे घुरघुरत उभी, ती कौतुकाने बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकतेय, आणि तिच्या तोंडावर तेच हसू, मोहन्याच्या रस्त्यावरचं. ते मला पुसून टाकायचं होतं. एकच वाक्य पुरलं असतं, की त्या सकाळी तुझ्या लाडक्या आजोबाने मला हे सांगितलं असतं तर रिक्षासाठी धावावं लागलं नसतं. मी सुरुवात केलीही. म्हणालो, त्यांना दवाखान्यात नेलं ना, त्या दिवशी... तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे वळली. "काय त्या दिवशी?" मी म्हणालो, "रिक्षाने नेलं." ती म्हणाली, माहितीये मला, आजीने सांगितलेलं. झालं. पुढचं मी गिळलं. ती जन्मभर मनात धरून बसली असती, की मी शाळेत नसते तर, मी कोणाला सांगितलं असतं तर. तिला नाही सांगितलं, सांगणारही नाही, म्हणून तुमच्यापुढे ओकतोय.

छातीत कळ आलेली असताना बटण कसं सुचणार, हे मला समजतं हो. पण त्याआधीची इतकी वर्षं होती की. एखाद्या रविवारी, गाडी पुसता पुसता, हे बघ, इथे आहे, एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? तिला खेळ म्हणून सांगितलंत, मला कामाचं म्हणूनही नाही. आणि तुम्ही बघत होतात ना माझ्याकडे पायरीवरून? तेव्हा तुम्हाला ते आठवलं आणि तुम्ही गप्प बसलात, की आठवलंच नाही? यातलं कुठलं मला जास्त लागेल, तेही मला ठरवता येत नाही. हे लिहून तरी काय, तुमचा पत्ता आणि माझा पत्ता एकच. टपालात टाकलं तर पोस्टमन मलाच आणून देईल.

तर इंजिन बसलं. पत्रा भंगारवाल्याने ओढून नेला तेव्हा मला जेवढा आनंद होईल असं वाटलेलं तेवढा झाला नाही. थोडा झाला. जीप आता चढावर खोकत नाही, आवाज तुमच्याच गाडीचा आहे, खालून निघाली की बिल्डिंगमधली जुनी माणसं अजून खिडकीत येतात. गेल्या रविवारी तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसली. चल बाबा, आज तू चालव. मी सेल्फ मारला. सुरू होईना. परत मारला. मी हताश तोंड करून तिच्याकडे बघितलं. ती हसली, माझा डावा हात धरला, हँडब्रेकच्या मागे खाली नेला आणि माझं बोट त्या बटणावर टेकवलं. "इथे बसवून घेतलंय. कोणाला सांगू नकोस हं." मी म्हणालो, अच्छा, इथे होय. गाडी सुरू झाली, आणि शीळ रोडपर्यंत मी तिसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही.

मला माहीत होतं, अण्णा. ती ऑफिसात असताना मेकॅनिकने ते बटण बसवलं, तेव्हा त्याला टॉर्च मीच धरलेला.