चुलीवरच्या फळीवरची डिस्क

अम्मा,

तुझ्या चुलीवरच्या फळीनं माझी एक डिस्क खाल्ली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुला जाऊन दहा वर्षं होत आली, पण ती फळी अजून तिथंच आहे. गॅस आला तरी भाकऱ्या आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. त्यामुळे फळी कोमट राहते, आणि पावसात सादळणारं सगळं आम्ही अजून तुझ्याच पद्धतीनं तिच्यावर चढवतो. मीठ, काडेपेट्या, सुक्या सोड्यांचा डबा, रेशनकार्ड, अब्बांचा जुना पासपोर्ट. आपल्या मोहल्ल्यात कुठल्याही घरात जा, हेच दिसेल. म्हणून या वर्षी पावसाच्या तोंडावर मी माझी डिस्कही तिथं ठेवली. काजळी बसू नये म्हणून वर टॉवेल टाकला आणि तार भिंतीपलीकडच्या संगणकाला जोडली. चाची बघून म्हणाली, "बरं केलंस गो, आता नाय बुरशी धरायची." मलाही फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. डिस्क म्हणजे पुस्तकाएवढी पेटी, आत तबकडी गरगर फिरत असते आणि फिरता फिरता स्वतःच तापते, हे मी रोज संगणकाच्या क्लासात मुलांना शिकवते. घरात आले की मात्र मी तुझी मुलगी असते.

डिस्कवर तू होतीस. अब्बा कुवेतला असताना तू त्यांना पाठवायचीस त्या सगळ्या कॅसेट. तुला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायची लाज वाटायची, म्हणून असरच्या नमाजनंतर तू स्वयंपाकघरातच टू-इन-वन घेऊन बसायचीस. मला ते आत्ता दिसतंय. तू विळीवर नारळ खवते आहेस, समोर पालथ्या डब्यावर ते मशीन, आणि तू त्याच्याशी बोलते आहेस, जणू अब्बा तिथंच पाटावर बसलेत. छपराची कौलं, आंब्याला आलेला मोहोर, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं. मध्येच माझ्यावर ओरडतेस, "भात बघ गो, लागेल!" आणि परत अब्बांकडे वळतेस. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून त्या कॅसेट तिकडे जायच्या. अब्बा परत आले तेव्हा त्यांनी त्या बिस्किटांच्या डब्यात भरून जशाच्या तशा आणल्या. तू गेल्यावर जोहरची नमाज झाली की ते रोज एक लावून बसायचे. कॅसेटींवर पांढरी बुरशी चढत गेली, तुझा आवाज जड होत गेला, आणि एके दुपारी मी त्यांच्या मांडीवरून मशीन उचललं. म्हटलं, "आता पुरे. दर वेळी लावताय आणि दर वेळी अम्मा थोडी झिजतेय." ते रागावले, जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "ठीक हाय. पण एक शब्द गळता कामा नये." मी हो म्हटलं. तू मला ओळखतेस, हो म्हटलं की म्हटलं.

क्लासनं टाकून दिलेला एक जुना संगणक मी घरी आणला आणि त्याचा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे कुणी कधीही दारात आलं तरी उठून वाढणारं माणूस, तुझ्यासारखं. दोह्याहून भाऊ, गुहागरहून ताई, कुणालाही तुझा आवाज हवा झाला की फोनच्या तारेवरून मिळावा, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी ते जागं राहायला हवं, आणि आपल्याकडे वीज जाते ती तासनतास. भारनियमनाचं वेळापत्रक असतं, पण वीज ते पाळत नाही. पहिल्यांदा मी यूपीएस घेतला, तो चहा उकळेपर्यंतही टिकेना. मग इन्व्हर्टर बसवला. त्यावर संगणक, डिस्क आणि पंखा एकदम लावले की तो किंचाळायचा. हळूहळू त्याची तऱ्हा कळली. वीज आली की लगेच काही सुरू करायचं नाही, आधी दिवा स्थिर होऊ द्यायचा, मग डिस्क आणि शेवटी संगणक. भाऊ फोनवर म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप, सीडी कर नि टाक." सीडीलाही आपल्या हवेत बुरशी लागते, तेही करून झालं होतं.

टू-इन-वन संगणकाला जोडून, कॅसेट लावून मी क्लासला निघून जायची आणि परत आले की तयार फाईल बघायची. ऐकत बसायला वेळ नव्हता, खरं तर धीरही नव्हता. अशीच एक कॅसेट उतरवून झाल्यावर उलटी फिरवायला गेले, तर पट्टी रोलरला गुंडाळली आणि तुटली. सोडवताना हातात काळी भुकटी आली. म्हणजे ती एक कॅसेट आता फक्त डिस्कवर होती, आणि बाकीच्या पुन्हा लावायच्या तर त्याही अशाच जायच्या. दुसरी प्रत करायला भावानं पाठवलेली नवी डिस्क खोक्यातच होती, रविवारी बघू म्हणून राहिली. आणि रविवार यायच्या आत फळीवरची डिस्क टक टक करायला लागली. टॉवेल काढला तर तव्यावरून उतरवलेल्या घावनासारखी गरम होती. संगणकाला ती दिसायची, लगेच नाहीशी व्हायची. भाऊ म्हणाला, "फेकून दे, दुसरी आणतो." मी म्हटलं, "डिस्क दुसरी आणशील, अम्मा कुठनं आणशील?" आणि फोन ठेवला.

त्या वेळी मला तुझी अढी आठवली. एका मे महिन्यात मी घाईघाईत आंबे पेंढ्यात खेटून लावले होते, आणि तू ती सगळी अढी माझ्यासमोर उपसलीस. "आंबा स्वतःच ऊब धरतो. कोंडलंस तर कुजेल. मधे वारा ठेव." मग पुन्हा सगळी माझ्याकडूनच लावून घेतलीस, अंगठ्याएवढी जागा सोडून. अम्मा, तुझ्या घरात दोन नियम होते, एक सादळणाऱ्या वस्तूंचा आणि एक तापणाऱ्यांचा. मी चुकीचा उचलला. डिस्क पडवीत आणली, दोन चिऱ्यांच्या तुकड्यांमध्ये उभी ठेवली, बाजूला तशीच नवी, मध्ये अंतर. थंड झाली की चालू करायची, एक फाईल उचलायची, टकटक सुरू झाली की बंद. वीज गेली तेव्हा इन्व्हर्टर दोन्ही डिस्क आणि पंखा ओढेना. मी पंखा बंद केला. अब्बा खुर्ची घेऊन आले आणि वर्तमानपत्राच्या घडीनं डिस्कला वारा घालत बसले. हात दुखला की हात बदलायचे. मी म्हटलं, "अब्बा, राहू दे." म्हणाले, "तू तुझं काम कर." असे आम्ही किती दिवस बसलो, विचारू नकोस. ताप आलेल्या पोराजवळ बसावं तसे बसलो, पण एकेक करून तू सगळी नव्या डिस्कवर आलीस.

शेवटी राहिली तीच तुटलेल्या कॅसेटची फाईल. ती मध्येच अडकायची. न वाचता येणारा भाग सोडून पुढचं उचलणारा एक प्रोग्रॅम मी मिळवला, आणि ती आली, मधल्या एका भगदाडासकट. त्यानंतर जुनी डिस्क पुन्हा उठली नाही. मी अब्बांना समोर बसवलं आणि खरं सांगितलं, की थोडं गेलंय. ते म्हणाले, "लाव." तू बोलत होतीस, विळीचा आवाज होता. मग तू मला म्हणालीस, "जा गो, विहिरीवरनं कळशी घेऊन ये." माझी पावलं दूर जाताना ऐकू आली आणि आवाज बंद झाला. तेव्हा मी पाहिलं, अब्बांचे ओठ तुझ्याबरोबर हलत होते, आणि ते थांबले नाहीत. त्या शांततेत ते मोठ्यानं बोलत राहिले, तुझ्याच चालीत. "पोरीला दिवसभर ओरडते मी. पण तुमी तिकडं, आणि हे घर उभं हाय ते तिच्या जिवावर. तिला सांगू नका, शेफारेल." मग तुझा आवाज परत आला, विहिरीच्या पाण्याबद्दल काहीतरी. अब्बा पुन्हा नुसते ओठ हलवू लागले. मी उठून आत गेले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे मायक्रोफोन ठेवून ती वाक्यं बोलून घेतली आणि त्या भगदाडात बसवली. आता सर्व्हर व्यवस्थित चालतो, दोन्ही प्रती दोन वेगळ्या खोल्यांत आहेत, फळीवर फक्त मीठ आणि सोडे. तू खरंच तसं म्हणाली होतीस, की अब्बांनी ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या रचलं, मला माहीत नाही. हयातीत तुझ्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं. मुंबईत मेलेल्या डिस्कमधून उरलंसुरलं काढून देणारे लोक आहेत. भाऊ विचारतो, पाठवलीस का, आणि मी सांगते, पाऊस थांबू दे, वाटेत भिजेल. हे लिहिलेलंही मी कुणाला दाखवणार नाही. पाऊस थांबून दोन महिने झाले, अम्मा.