आपली टीम खाली गेली त्या रविवारी

दोस्ता,

वाईट बातमी सांगायचं काम आपल्या दोघांत कायम माझ्याकडेच होतं, म्हणून आधी तेच उरकतो. आपली टीम खालच्या गटात गेली. परवाच्या रविवारी, शेवटच्या मॅचला, अगदी शेवटी शेवटी. आता तिकडे तुझ्या शेजारी जे कुणी बसले असतील त्यांनी कानांत बोटं घालावीत, कारण तुझा आवाज मला माहीत आहे.

उभा जन्म तू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर म्हणून काढलास. बिघडलेले माग दुरुस्त करता करता त्यांच्या खडखडाटानं तुझे कान गेले आणि घसा तेवढा वाढला. तुला वाटायचं आपण माझ्या कानात कुजबुजतोय, आणि ते पलीकडच्या गोलकीपरला ऐकू जायचं. ‘ह्या रेफ्रीला बायकोनं आज जेवाय दिलं न्हाय वाटतं,’ असं तू एकदा मला गुपचूप सांगितलंस. रेफ्रीनं खेळ थांबवला, सरळ आपल्यासमोर आला आणि म्हणाला, ‘दिलंय की. पिठलं होतं.’ तुला ते ऐकू गेलं नाही. ‘काय म्हनतोय?’ म्हणून तू मलाच कोपरानं ढोसत राहिलास. मी त्याच कारखान्यातला हजेरी लिहिणारा कारकून, चारचौघांत मोठ्यानं शिंकायला लाजणारा माणूस. तुझं नि माझं कसं जमलं हे आपल्या दोघांच्या बायकांनाही कधी कळलं नाही.

कारखान्यात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही लोक खुणांनी बोलायचात. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला. तळहात पुढंमागं सरकवला की माग चालू. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आले. टीमही आपल्याच कारखान्यातल्या पोरांची, त्यामुळे मैदानाच्या पायरीवर उभा राहून तू हातवारे करायचास आणि आपला डावीकडचा पोरगा उजवीकडे पळायचा. समोरच्या टीमनं एकदा तक्रार केली की हा म्हातारा जुगार चालवतो. चौकशीला आलेल्या माणसासमोर तू मिशीवरून बोट फिरवलंस आणि आपली अकराच्या अकरा पोरं एकदम शहाण्यासारखी उभी राहिली.

फक्त शिट्टी तुला ऐकू यायची नाही. गोल झाला की तू नाचायला लागायचास, रेफ्रीनं तो नामंजूर केलेला असायचा, आणि मी तुझ्यापुढं दोन बोटं मिटायचो. धागा तुटला. मग तुझा सगळा राग रेफ्रीवर निघायच्या ऐवजी माझ्यावर. शुक्रवार पेठेपर्यंत तू माझ्याशी अबोला धरून चालायचास, तेही माझ्याच सायकलला धरून.

शेवटी दवाखान्यात तुझ्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क लावलेला. तुला पहिल्यांदाच गप्प बघून मला भीती वाटली होती. तू हातांनीच विचारलंस, टीमचं काय? मग माझ्याकडे बोट दाखवलंस, मग वर. टीम वरच्या गटात ठेवायची, ती मी. जसा काय मीच सेंटर फॉरवर्ड. मी तळहात पुढंमागं केला. माग चालू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो शब्द मी पाळत आलो. एकही रविवार चुकवला नाही. घरात लग्न असलं तरी गेलो, पायात सूज असली तरी गेलो. टीम दरवर्षी कशीबशी तरली. एका वर्षी तर समोरची टीम वाटेत गाडी बंद पडून आलीच नाही म्हणून तरली. तरी मनातल्या मनात ते श्रेय मीच घेत होतो.

परवा वर राहायला एक गोल हवा होता. मी पायरीवर बसलोय. कोपऱ्यातून चेंडू येतो, आपला पोरगा डोकं घालतो आणि चेंडू जाळीत. मी उठलो आणि ओरडलो, चक्क ओरडलो, शेजारचा माणूस दचकून शेंगांचा पुडा सांडून बसला. आणि मग शिट्टी. ऑफसाइड. माझा हात आपोआप वर आला, दोन बोटं मिटली, आणि मी ती दाखवायला बाजूला वळलो. तो माणूस सांडलेल्या शेंगा वेचत होता. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काय कापायचंय काका?’ दोस्ता, तुला पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तिथून तडक तुझ्या घरी गेलो. वहिनी दारात विड्या वळत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘काय झालं भावजी, टीम ऱ्हायली का वर?’ मला तोंडानं सांगवेना. मी तळहात पुढंमागं केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसल्या.

‘पडली म्हना की सरळ. पडनारच व्हती. हे तवाच म्हनले व्हते मला.’

‘काय म्हणला होता?’

‘टीम काय वर ऱ्हात न्हाय म्हनले. पन त्याला कायतरी काम लावून दिलं पायजे. मी गेल्यावर हा रविवारचा घरातनं भायेर पडनार न्हाय, तोंड उघडनार न्हाय, बसल्या बसल्या म्हातारा हुईल. म्हनून टीम त्याच्या गळ्यात मारली म्हनले.’

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या, हे बरं झालं. मी तुझ्या उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडलो. मग त्याच तोंडानं तुला एक शिवीही दिली, मोठ्यानं. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघून गेली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, नुसतं लिहायचं होतं. खालच्या गटाच्या मॅचा सकाळी लवकर असतात म्हणे, ऊन तरी लागणार नाही. मी जाणार आहे. टीम वर येवो न येवो, मला आता घरी बसवत नाही. तुझी आठवण येते, रविवारी फार येते. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहूनच गेली. इतकी वर्षं मी तुला बोटं मिटून दाखवत आलो खरा, पण ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कळलेलं नाही. तुला विचारणार होतो, पण ओरडून विचारावं लागलं असतं, आणि मग सगळ्या मैदानाला कळलं असतं.