नाकासमोर चाललो आहोत, ताई

ती. ताईस,

डुलत्या टेबलावरून निघालेला, म्हणून जरा वाकडा झालेला, पण मनापासूनचा नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांचं विचारत नाही, कारण तुझं पत्र आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाहीच. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी आहे, त्याआधी या, मला भीती वाटते,’ असं तू लिहिलंस. ताई, तू? वडिलांना उलट उत्तर देणारी घरातली एकटी तू, तुला भीती? तेव्हा काळजी अजिबात करू नकोस. पत्र मिळाल्या मिळाल्या आम्ही बोट सोडली आहे आणि रोज न चुकता तुझ्याकडे येत आहोत. फक्त अजून पोचलेलो नाही, एवढंच.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. मी जन्मभर छापखान्यात रात्रपाळीला, ही इस्पितळात सकाळच्या ड्यूटीवर. मी घरात शिरायचो तेव्हा ही चपला घालत असायची. (‘यांचा संसार उंबऱ्यातच झाला,’ असं तू एकदा चारचौघांत म्हणाली होतीस. ही ते अजून विसरलेली नाही, पण तो विषय आत्ता नको.) त्या सगळ्यातून एकच नियम शिल्लक राहिला, तो म्हणजे झोपलेल्याला उठवायचं नाही. छप्पर उडालं तरी नाही. निवृत्तीनंतर घर भाड्याने देऊन बोटीवर राहायला आलो, तरी अंगवळणी पडलेलं थोडंच सुटतं? सकाळी बोट ही चालवते, तेव्हा मी ढाराढूर. दुपारी ही नांगर टाकते, जेवते आणि आडवी होते. मग मी उठतो, गार झालेलं जेवतो, नांगर वर ओढतो आणि बोटीचं तोंड जिकडे असेल तिकडे नाकासमोर निघतो. संध्याकाळी नांगर मी टाकतो. सकाळी तो ही उचलते आणि नाकासमोर निघते. खाडी एकच, दोन बाजूंना दोन काठ, चुकायला जागाच नाही. (नकाशा होता, पण पहिल्याच दिवशी वाऱ्याने उडाला. अडलं कुणाचं?) नांगरावर झोप मात्र झकास लागते. भरती आली की बोट गर्रकन एकीकडे तोंड करते, ओहोटी लागली की दुसरीकडे. पाळण्यात निजल्यासारखं वाटतं.

पण ताई, ही खाडी म्हणजे अजब प्रकार आहे, माझं डोकं चक्रावून गेलंय. इथे बोट आली की मधोमध उघडणारे पूल आहेत, आणि ते सगळे एकाच साच्यातून काढलेत. प्रत्येक पुलाचा डावा कठडा गंजलेला, प्रत्येकावर निळी केबिन, प्रत्येक केबिनीत तसाच झुपकेदार मिशांचा पूलवाला. मला वाटतं, मिशा बघूनच नोकरीवर घेत असावेत. पूल वर गेला की गाड्या खोळंबतात, आणि प्रत्येक पुलावर रांगेत पहिली एक पिवळी गाडी आणि तिच्यात हात बाहेर काढून आमच्या नावाने बोटं मोडणारी एक बाई असतेच. मी तिला नमस्कार करतो, ती आणखी चिडते. परवा एका पुलाखाली माझी चौकड्यांची टोपी वाऱ्याने उडून केबिनीकडे गेली. गेली तर गेली, म्हटलं. काल पुढच्या पुलाशी आलो, तर तिथल्या पूलवाल्याच्या डोक्यावर हुबेहूब तशीच टोपी! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, परक्या मुलखात आपल्या आवडीचा माणूस भेटला. तो टोपी काढून माझ्यापुढे हलवत काहीतरी ओरडत होता. मीही हात हलवला. माणसं फार अगत्याची आहेत.

हिला संध्याकाळी विचारलं, आज कुठवर आलीस? म्हणाली, सरळ. तिने मला विचारलं, मीही म्हणालो, सरळ. आमच्यात वादाला कारणच उरलेलं नाही. मग आम्ही पत्ते खेळतो आणि तुझ्याबद्दल बोलतो. काल तुझा विषय निघाला तेव्हा तिने औषधांची पेटी दोनदा उघडून बघितली. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. आयुष्यभर तिला दारात येता-जाता बघितलं, आता समोरासमोर बसलो की मी आपला पत्तेच पिसत राहतो.

बाकी, रविवारी भरतीच्या वेळी धक्क्याला बोट बांधली, दोर अगदी आखूड आणि कसून. (तूच शिकवलंस, काम करायचं तर पक्कं.) ओहोटी लागली, पाणी खाली गेलं आणि बोट दोरावर कपड्यांसारखी टांगलेली राहिली. मी झोपेत भिंतीवर जाऊन पडलो. हिने उठवलं नाही. नियम म्हणजे नियम.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की, आम्ही येतोय यात शंका नाही, पण खाडी वाटली त्यापेक्षा लांब निघाली. तेव्हा डॉक्टरांना सांगून ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलता आलं तर बघ. तुला एकटीला आत नेतायत हे माझ्याच्याने सहन होणार नाही.

ता. क. २. आत्ताच आणखी एक पूल लागला. हा पूलवालाही टोपीवाला. ‘पुन्हा तुम्हीच?’ म्हणाला. मला दुसरा कोणीतरी समजला बिचारा.

वन्सं, हे माझं अक्षर. ऑपरेशन अजिबात पुढे ढकलू नका. हे वल्ह्यात अडकलेली दोरी सोडवत होते, तेवढ्यात मी टोपीवाल्याशी बोलले. पूल एकच आहे. पूलवाला एकच, टोपी यांचीच आणि पिवळ्या गाडीतली बाईसुद्धा एकच, तिची मी माफी मागितली. भरती-ओहोटीला बोटीचं तोंड फिरायचं आणि आम्ही दोघं शहाणे नाकासमोर, मी सकाळी तुमच्याकडे, हे दुपारी माघारी. इथून तुमचं गाव अर्ध्या दिवसावर आहे. पूलवाला तिथलाच, आज रात्री घरी जाणार आहे, त्याच्याच हाती पत्र देतेय. उद्या दुपारी मी झोपणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पाळीला असू, त्याची मलाच जरा धास्ती वाटतेय. उंबऱ्याचं बोलणं मी विसरलेले नाही, पण तुमच्या डोळ्यांत थेंब मीच घालणार, दुसऱ्या कोणी घातले तर मला राग येईल. भीती वाटली तर माझा हात धरा. फक्त उद्या तुमची लाल छत्री उघडून धक्क्यावर उभ्या राहा आणि मोठ्याने हाक मारा. नाहीतर हे म्हणतील, या खाडीवरच्या सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात, आणि नमस्कार करून पुढे निघून जातील.