नाल्याची पचनशक्ती

३ मार्च, संध्याकाळी ५
मुलामा देण्याच्या कारखान्यात आजपासून मी पर्यावरण अधिकारी. टेबल, खुर्ची, बेल. बेल वाजत नाही. दिवसभर अभ्यास केला. प्रदूषकं दोन जातींची: कुजणारी आणि न कुजणारी. कुजणारी निसर्ग पचवतो. आमचं निकेल, क्रोम दुसऱ्या जातीतलं. पण निसर्गालाही सवय लावावी लागते.

६ मार्च
फिल्टरचा पंप जळला. फिटर म्हणाला, नवा येईपर्यंत काम बंद ठेवा. अधिकारी कोण, तो की मी? कानाखाली वाजवली. त्यानं डोक्यात पाना घातला. कपाळाला चार टाके. तरी झडप मीच उघडली, अ‍ॅसिडचं सांडपाणी नाल्यात सोडलं. रोज फक्त अर्धी टाकी. नाल्याची कपॅसिटी स्वतः पावलांनी मोजली आहे. निश्चय: सोमवारी नवा पंप. नक्की.

९ मार्च, सोमवार
पंप नाही. सोमवार पुढेही येतात. आजपासून पूर्ण टाकी.

११ मार्च
मेहुणा आला. नाल्याच्या खालच्या अंगाला त्याचं मासळीचं तळं. मेलेल्या माशांची बादली माझ्या टेबलावर उपडी केली. एक मासा उरला नाही म्हणाला. मी शांतपणे सांगितलं, फार दाटीवाटीनं ठेवतोस, गुदमरले असतील. त्यानं रिकामी बादली तोंडावर हाणली. दोन दात गेले. शास्त्र कळत नसलं की माणूस हातघाईवर येतो.
घरी बायकोला सांगितलं. तिनं तवा फेकला. नेम चुकला. म्हणजे मनातून राग नाही.

१४ मार्च, दुपारी
खालच्या वस्तीतली वीसेक माणसं पहारी घेऊन आत घुसली, मेहुणाही त्यांच्यात. नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात सोलून निघालेत म्हणे. ऑफिसच्या काचा फुटल्या. मालक मागच्या दारानं पसार. मी सांडपाण्याच्या टाकीवर चढलो, दोन्ही जाती समजावू लागलो. पहिली ऐकून घेतली. दुसरीला ढकललं.

१९ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हातानं लिहितोय. १४ तारखेची नोंदसुद्धा आजच लिहिली. उजव्या हाताला कातडी नाही. पायांनाही नाही. टाकीतून मेहुण्यानंच ओढून काढलं, केसांना धरून. बहिणीकडे बघून काढलं म्हणाला. त्याचेही हात भाजलेत.
मालकानं पोलिसांना लिहून दिलंय: झडप अधिकाऱ्यानं स्वतःच्या मर्जीनं उघडली. तीनदा वाचलं. खोटं असं काही सापडलं नाही.
संध्याकाळी मेहुणा येऊन बसला. तळं बुजवलं म्हणाला. पट्ट्या बांधलेल्या हातानं माझ्या तोंडाला ग्लास लावला. पाणी कुठलं, मी विचारलं. त्यानं ग्लास तसाच धरून ठेवला.
घशाला कोरड पडली आहे. प्यायलो नाही.